रँडम पॉइंट, उमरेडचं जंगल आणि फोनवरचा निळा ठिपका

फेब्रुवारीतला शुक्रवार, रात्रीचे ८ वाजत आले होते. मी उमरेडला घरी आलो होतो, जेवण व्हायचं होतं आणि मी लॅपटॉपवर अमेरिकेचा शेअर बाजार उघडायची वाट बघत बसलो होतो. आईला वाटलं, पोरगा ट्रेडिंगच्या नादाला लागला. तसं काही नव्हतं. मला फक्त एक आकडा हवा होता, डाऊ जोन्स किती वर उघडला तो. त्या आकड्यावरून मला कळणार होतं की शनिवार, रविवार आणि सोमवारी मी जंगलात नेमकं कुठं जाऊन उभं राहायचं.

विचित्र वाटतंय ना? या खेळाला जिओहॅशिंग म्हणतात. आज तो कसा चालतो ते सांगतो. आणि त्याच्या नादात मी केलेला एक गाढवपणाही सांगतो, कारण तुमच्या फोनमधलं जीपीएस काय करतं आणि काय करत नाही हे मला इंजिनिअरिंगच्या ४ वर्षांत जेवढं कळलं नाही, तेवढं त्या एका दुपारी कळलं.

शेअर बाजारातून जंगलात

एक्सकेसीडी नावाची इंग्रजी वेब कॉमिक आहे, रँडल मनरो काढतो. मे २००८ मध्ये त्यानं एका कॉमिकमध्ये ही युक्ती चितारली. पृथ्वीवरच्या अक्षांश-रेखांशाच्या रेषांनी १ अंश बाय १ अंशाचे चौकोन तयार होतात. प्रत्येक चौकोनात रोज एक नवा पॉइंट निघतो. तो कोणी ठरवत नाही, गणित ठरवतं. आणि मग हौशी लोक तिथं पोचायचा प्रयत्न करतात. बस, एवढाच खेळ. बक्षीस नाही, पॉइंटवर काही लपवून ठेवलेलं नाही.

गणित असं. आजची तारीख घ्या, तिच्यापुढे डाऊ जोन्सचा उघडतानाचा आकडा जोडा. तयार झालेली ही ओळ एमडी५ नावाच्या हॅश फंक्शनमध्ये टाका. हॅश फंक्शन म्हणजे मिरचीची चक्की समजा. वरून मिरची टाकली की खालून तिखट येतं, पण तिखटावरून मूळ मिरची परत बनवता येत नाही. आमच्या भिवापूरच्या चक्कीपेक्षा ही चक्की एका बाबतीत भारी आहे. वरून टाकलेल्या ओळीत एक अंक जरी बदलला, तरी खालून येणारं सगळंच बदलतं. बाहेर ३२ अंकांची एक लांबलचक संख्या येते. ती मधून कापायची. पहिल्या १६ अंकांचा एक अपूर्णांक, उरलेल्या १६ चा दुसरा. पहिला तुमच्या अक्षांशाच्या पूर्ण अंकापुढे लावायचा, दुसरा रेखांशापुढे. झाला पॉइंट तयार.

कॉमिकमध्ये उदाहरण म्हणून २६ मे २००५ ही तारीख घेतली होती. त्यातून .८५७७१३ आणि .५४४५४४ हे अपूर्णांक निघतात. उमरेडचा चौकोन २० आणि ७९ चा आहे. मी सहज ते आकडे त्यात टाकून पाहिले, २०.८५७७१३, ७९.५४४५४४. पिन पडली भिवापूरच्या थोडी ईशान्येला! अमेरिकेतल्या माणसानं काढलेल्या कॉमिकमधलं उदाहरण माझ्या घरापासून बसनं जाण्याइतक्या अंतरावर निघावं, हा निव्वळ योगायोग. पण मी त्या क्षणी अडकलो.

आता प्रश्न पडेल की शेअर बाजार कशाला मध्ये आणला? नुसती तारीख टाकली असती तर पुढच्या वर्षीच्या १५ ऑगस्टचा पॉइंट कुठं येणार हे आजच काढता आलं असतं. बाजार कितीवर उघडणार हे मात्र कोणालाच आधी माहीत नसतं, आणि उघडल्यावर ते सगळ्यांना सारखंच दिसतं. म्हणजे उत्तर आधी फुटत नाही आणि आल्यावर कोणी बदलू शकत नाही. एमडी५ आता सुरक्षेच्या कामासाठी बाद झालेलं आहे, पासवर्डसाठी कोणी वापरत असेल तर त्याला थांबवा. या खेळाला ते पुरेसं आहे.

आपल्यासाठी एक खास नियम आहे. अमेरिकेचा बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ७ आणि हिवाळ्यात रात्रीचे ८ वाजलेले असतात, म्हणजे दिवस संपलेला असतो. म्हणून आपल्या बाजूच्या जगासाठी आदल्या दिवशीचा आकडा धरतात. शनिवार-रविवार बाजार बंद, त्यामुळे शुक्रवारी रात्रीच शनिवार, रविवार, सोमवार असे तिन्ही पॉइंट हातात येतात. आकडा एकच, पण तारखा वेगळ्या, म्हणून पॉइंटही वेगळे.

जाता जाता, डेटाबेसवाल्यांचा जिओहॅश वेगळा. तो अक्षांश-रेखांशाला छोटा कोड देतो. नावाच्या सारखेपणामुळे गोंधळू नका. २०२० मध्ये गाजलेलं रँडोनॉटिका ॲपही याच जातीचं, पण ते प्रत्येकाला वेगळा पॉइंट देतं आणि त्याला 'तुमच्या मनातली इच्छा' वगैरे फोडणी देतं. इथं तसलं काही नाही.

आमचा चौकोन जरा अवघड आहे

२०-७९ च्या चौकोनात काय काय येतं बघा. उमरेड, भिवापूर, पवनी, नागभीड, ब्रह्मपुरी, चिमूर आणि ताडोबा. नागपूर शहर २१ च्या वर असल्यामुळे शेजारच्या चौकोनात जातं. म्हणजे शहर गेलं आणि वाघ आमच्या वाट्याला आले. चौकोनाची उंची साधारण १११ किमी आणि आपल्या अक्षांशावर रुंदी साधारण १०४ किमी. क्षेत्रफळ झालं ११,५०० चौरस किमीच्या आसपास. घरापासून १५ किमीच्या आत पॉइंट पडण्याची शक्यता काढली तर ६ टक्के येते. सरासरी १६ दिवसांतून एकदा.

त्या शुक्रवारी शनिवारचा पॉइंट पार ताडोबाच्या अंगाला पडला, तो लगेच सोडला. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात पायी घुसणं हा साहसाचा विषयच नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार तिथं परवान्याशिवाय शिरता येत नाही. रविवारचा एका गावाच्या मधोमध कोणाच्या तरी घरावर. सोमवारचा मात्र घरापासून १४ किमीवर, एका वाडीच्या मागच्या झुडपी जंगलात. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याची हद्द मी नकाशावर तपासली. पॉइंट हद्दीबाहेर होता. मला वाटलं, विषय संपला. सोमवारी सुट्टी टाकली.

इथं पहिली चूक झाली. अभयारण्याबाहेरचं जंगल म्हणजे मोकाट माळरान नव्हे. राखीव जंगल असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७ लागू होतो, आणि कुठला तुकडा राखीव, कुठला महसूलचा, हे गुगल मॅपच्या हिरव्या रंगावरून कळत नाही. शिवाय १८९ चौरस किमीच्या अभयारण्याची हद्द वाघाला कोणी दाखवलेली नाही. नेमके आकडे मी इथं देत नाहीये, कारण कोणी तरी उद्या फोन घेऊन निघेल.

निळा ठिपका खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो

सोमवारी ११ वाजता स्कूटर घेऊन निघालो. घरी सांगितलं, "जरा फिरून येतो." डांबरी रस्ता सोडून पांदण पकडली आणि पांदण संपली तिथं स्कूटर लावली. फोन सांगत होता, पॉइंट १.३ किमी. मी ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घेतला होता, म्हणून स्वतःवर खूश होतो. तिथंच कळलं की गुगल मॅप्सच्या ऑफलाइन नकाशात पायी जायचा मार्ग मिळत नाही. गाडीचा मिळतो. मग पिन बघायची, ठिपका बघायचा आणि सरळ चालायचं. सरळ रेषेत काटेरी झुडपं असतात, हे नकाशाला माहीत नसतं.

जीपीएस कसं चालतं ते इथं थोडक्यात सांगतो. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किमी उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि तो सतत ओरडत असतो, "मी अमुक, मी इथं आहे, आत्ता एवढे वाजले." तो आवाज तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती उशिरा आला यावरून फोन अंतर काढतो. ३ उपग्रहांवरून जागा आणि चौथ्यावरून फोनच्या स्वस्त घड्याळातली चूक, म्हणून किमान ४ लागतात. घड्याळात १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची गडबड! आताचे फोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बेईदोऊ आणि बऱ्याच फोनमध्ये आपला नाविकही ऐकतात. जितके जास्त, तितकं बरं.

यात इंटरनेट कुठंच लागत नाही. सिमकार्ड काढा, एअरप्लेन मोड लावा, ठिपका चालतो. नेट असलं तर उपग्रहांची ताजी माहिती पटकन मिळते आणि जागा लवकर सापडते. नसेल तर फोनला ती उपग्रहाकडूनच हळूहळू उतरवावी लागते, म्हणून सुरुवातीला मिनिटभर ठिपका अडतो. तेवढाच फरक.

उघड्या आकाशाखाली चांगला फोन ५ मीटरच्या आसपास अचूक असतो. तरी आपण कॉपी केलेल्या आकड्यात दशांश चिन्हापुढे ६ अंक असतात. सहावा अंक म्हणजे ११ सेंटिमीटर. पाचवा साधारण १ मीटर, चौथा ११ मीटर, तिसरा ११० मीटर. म्हणजे शेवटचे दोन अंक फोन निव्वळ ऐटीत दाखवत असतो. कोणाला जागा कळवायची असेल तर ४ अंक पुरतात, ५ म्हणजे भरपूर.

आणि ठिपक्याभोवतीचं ते फिकट निळं वर्तुळ? मी इतकी वर्षं समजत होतो की आपण त्याच्या आत असतोच. अँड्रॉइडच्या हिशेबात त्या वर्तुळाचा अर्थ ६८ टक्के खात्री असा आहे. तीनपैकी जवळपास एक वेळा तुम्ही वर्तुळाच्या बाहेर असू शकता. हे मला कामाच्या निमित्तानं डॉक्युमेंटेशन वाचताना कळलं, आणि तेव्हापासून डिलिव्हरीवाल्या दादांवर चिडणं कमी केलंय.

झाडांखाली गंमत सुरू होते. इतक्या लांबून येणारा सिग्नल मुळातच क्षीण, त्यात ओली पानं तो शोषतात आणि खोड, उतार, खडक यांच्यावर आपटून तो वाकडा येतो. वाकडा आला म्हणजे उशिरा आला, उशिरा आला म्हणजे फोनला वाटतं अंतर जास्त आहे. फेब्रुवारीत आमच्याकडच्या सागाची पानं गळायला लागलेली असतात, पळस फुललेला असतो, वर आकाश दिसतं. म्हणून माझं वर्तुळ सुरुवातीला ६-७ मीटरवर टिकलं. पावसाळ्यात त्याच सागाखाली एवढं सोपं गेलं नसतं. पुढे मात्र नाला लागला. खोल, दोन्ही बाजूंना उंच काठ. खाली उतरलो आणि वर्तुळ ३५ मीटर झालं. मी उभा होतो एका जागी, ठिपका उडी मारून पलीकडच्या काठावर गेला, मग परत आला. आकाशाची फक्त एक पट्टी दिसत असेल तर फोनला त्या पट्टीतलेच उपग्रह सापडतात, सगळे एका रांगेत. रांगेतल्या उपग्रहांवरून जागा काढणं म्हणजे एकाच बाजूच्या साक्षीदारांवर खटला चालवणं.

फोनवर नेटवर्कची एकही काडी नव्हती. बॅटरी सकाळी ८१ होती, आता ५२. टॉवर सापडत नसेल तर फोन जोर लावून शोधत राहतो आणि बॅटरी खातो. एअरप्लेन मोड लावायला हवा होता, लावला नव्हता.

"तुले दिसते. घरच्याईले दिसते का?"

नाल्यातून वर आलो तर एक म्हातारे गुराखी समोर. गायी थोड्या मागे होत्या.

"कुठी चालला बाबू?"

मी फोन दाखवला. "इथं जायचंय काका. २०० मीटर राहिलं."

"काय हाय तिथं?"

"काही नाही."

"मंग कायले चालला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. डाऊ जोन्सपासून सुरुवात करणं शक्य नव्हतं.

"मागच्या हप्त्यात याच नाल्यातून गोऱ्हा नेला वाघानं," ते म्हणाले, जसं आपण गेल्या आठवड्यात लाइट गेली होती म्हणतो तसं. "एकटाच आला? घरी सांगून आला का?"

"मोबाइल आहे ना काका. मी कुठं आहे ते बरोबर दिसतं यात."

"तुले दिसते. घरच्याईले दिसते का?"

मी गप्प बसलो. मी सॉफ्टवेअर लिहितो, रोज लोकेशनचे एपीआय हाताळतो, आणि या माणसानं एका वाक्यात नेमकं बोट ठेवलं होतं. जीपीएस फक्त ऐकतं, बोलत नाही. उपग्रहाला माहीत नसतं की खाली कोणी आहे. आकाशातून माहिती येते, वर काहीच जात नाही. माझी जागा ५ मीटरच्या अचूकतेनं फक्त मला माहीत होती. घरी एवढंच माहीत होतं की पोरगा 'जरा फिरायला' गेलाय. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन लावलं असतं तरी ते नेटवर्क गेलं तिथंच थांबलं असतं. आणि घरच्यांना ठिपका पांदणीच्या तोंडाशीच दिसत राहिला असता.

आमच्या उमरेडच्या माणसाला हे कळायला हवं होतं. जय वाघ आठवतो? 'शोले'तल्या जयवरून नाव पडलेला, २०१३ मध्ये नागझिऱ्याहून चालत कऱ्हांडल्याला आलेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. कॉलर माझ्या फोनपेक्षा एक पाऊल पुढे असते, ती जागा नुसती काढत नाही, बाहेर कळवतेही. एप्रिल २०१६ नंतर जय दिसला नाही, कॉलरचा सिग्नलही थांबला. भरपूर शोधलं, सापडला नाही. कळवणारा भाग बंद पडला की एवढा मोठा, एवढा प्रसिद्ध वाघसुद्धा नकाशावरून पुसला जातो. माझ्याकडे तर कळवणारा भाग मुळातच नव्हता.

मी परत फिरलो. पॉइंट २१० मीटरवर राहिला.

फिरल्यावर आणखी एक शोध लागला. मी जायच्या जागेची पिन लावली होती, स्कूटर लावली त्या जागेची नाही. सगळी झुडपं सारखी. काकांनी गायी वळवल्या आणि मला पांदणीपर्यंत आणून सोडलं, रस्ताभर माझ्या पगाराची चौकशी करत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया पहाटेच जंगलात जातात, त्याही ४-५ जणी मिळून आणि एकमेकींशी मोठ्यानं बोलत, असं ते सांगत होते. फुलं वेचताना माणूस वाकलेला असतो, म्हणून. त्यांना पोटासाठी जावं लागतं. मी कशासाठी गेलो होतो?

आता मी काय करतो

खेळ सोडलेला नाही. पण शुक्रवारी पॉइंट जंगलात किंवा जंगलाला लागून पडला तर तो गेला, कितीही जवळ असो. शेत, रस्ता, तलावाचा काठ, एवढंच चालतं. निघताना घरी तीन गोष्टी साध्या एसएमएसनं जातात: पॉइंटचे आकडे ४ दशांशांपर्यंत, गाडी कुठं लावणार ते गाव आणि परत यायची वेळ. एसएमएस मुद्दाम, कारण जिथं नेट चालत नाही तिथंही तो बऱ्याचदा निघून जातो. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात माझा फोन आला नाही तर बहीण त्या गावात फोन लावते. आपत्कालीन ११२ आणि वनविभागाची हेल्पलाइन १९२६ हे दोन्ही नंबर तिच्याकडेही आहेत, फक्त माझ्याकडे असून उपयोग नाही.

गाडी लावली की निळ्या ठिपक्यावर टॅप करून पार्किंग सेव्ह करतो. नेटवर्क गेलं की एअरप्लेन मोड. बॅटरी निम्मी झाली की मागे फिरायचं, पॉइंट १० मीटरवर असला तरी.

एप्रिलमध्ये एक पॉइंट भिवापूरकडे, रस्त्यापासून ४०० मीटरवर एका वावरात पडला. हरभरा निघून गेला होता, जमीन मोकळी, वर पूर्ण आकाश. बांधावर मालक बसले होते, त्यांना विचारलं. तेही सोबत आले. ढेकळांतून चालत गेलो, आकडे जुळत गेले, वर्तुळ ४ मीटरवर आलं आणि मी थांबलो. पहिला यशस्वी पॉइंट! मालकांनी खाली पाहिलं, आजूबाजूला पाहिलं.

"इथं का आहे?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

ते थोडा वेळ फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चाल, मग माह्या विहिरीचा आकडा काढून दे. अर्जात लागते."

विहिरीपाशी गेलो. वर्तुळ ५ मीटर. ५ दशांशांपर्यंत आकडे त्यांनी विडीच्या पाकिटावर लिहून घेतले.